वाचण्यापूर्वीं बोलणारी पत्रिका



घरच्या घरीं शुभेच्छापत्रें व निमंत्रणपत्रिका कशा तयार कराव्या, आणि त्या कामीं संगणकावरील चित्रसाधनांचा उपयोग कसा करून घ्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु याच लहान विषयापायीं माझ्या हातून एक असा प्रमाद घडला कीं, त्याची आठवण झाली म्हणजे अजूनहि मान खालीं जाते. तेव्हां आरंभ त्या प्रमादापासूनच करतों.

मी राहणारा सुरगाण्याचा. नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा डोंगराळ तालुका. १९४८ सालापूर्वीं येथें एक लहानसें संस्थान होतें. त्या सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. तालुक्यांतील पाड्यापाड्यांवरच्या शाळांतून मीं आयुष्यभर मास्तरकी केली आणि आतां निवृत्त होऊन बसलों आहें. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं सकाळीं माझ्या मोबाईलवर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलानें पाठविलेलें एक चित्र आलें. सोनेरी चौकट, चारी कोपऱ्यांत गुलाबाचीं टवटवीत फुलें, आणि मधोमध आमच्या मित्राचें फेटा बांधलेलें, हंसतमुख छायाचित्र. चष्मा हाताशीं नव्हता. मित्राचा वाढदिवस असावा किंवा कोठें सत्कार झाला असावा, अशी माझी समजूत झाली, आणि मीं तत्काळ उत्तर धाडलें : 'हार्दिक अभिनंदन. शतायुषी व्हा.' घटकाभरानें चष्मा सांपडला. चित्राच्या तळाशीं बारीक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजलि' असें लिहिलेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं पहिल्या मोटारीनें मी त्या घरीं गेलों. क्षमा कशी मागावी हें सुचेना. मुलगाच म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला काय बोल लावूं? घाईंत जी पहिली चौकट समोर आली, ती मींच घेतली. तीच चौकट मागच्या महिन्यांत पुतणीच्या बारशाला वापरली होती." त्याच्या या एका वाक्यांत माझ्या आजच्या भाषणाचें सार आहे. बारशाला आणि मृत्यूला एकच चौकट! अक्षरें काढून टाकलीं, तर कशाची वार्ता आहे हें सांगतां येऊं नये, अशी स्थिति आमच्या पत्रिकांची झाली आहे.

पूर्वीं तशी नव्हती. आपल्या देशांत पोस्टकार्ड सुरू झालें तें १८७९ सालीं, पाव आण्याला. त्या कार्डावर चित्र नव्हतें, रंग नव्हता, शोभा नव्हती. तरी लोकांनीं त्याला दोन खुणा लावून दिल्या. मंगल वार्तेच्या कार्डाला कोपऱ्यावर हळदकुंकवाचीं बोटें लावीत. मृत्यूची वार्ता असली, तर कार्डाचा एक कोपरा फाडून तें पाठवीत. या दोन खुणांना लिपि लागत नव्हती. मी नव्यानें नोकरीला लागलों तेव्हां, सन १९८० च्या सुमारास, पाड्यावर पत्र आलें म्हणजे तें वाचून दाखविण्यासाठीं मास्तरांना बोलावणें येई. पत्र हातीं घेऊन मी दारांत उभा राहावें, आणि घरांतल्या म्हातारीनें माझ्या तोंडाकडे न पाहतां आधीं त्या कार्डाच्या कोपऱ्याकडे पाहावें, हें दृश्य मीं अनेकदां पाहिलें आहे. कोपरा शाबूत दिसला कीं ती खालीं बसे व म्हणे, "हां, आतां वाचा." जिला एक अक्षर येत नव्हतें तिनें तें पत्र माझ्या आधीं वाचलेलें असे.

पत्रिकेची रचना म्हणजे काय, असें मला कोणी विचारलें, तर मी या म्हातारीची गोष्ट सांगेन. अक्षरें वाचण्यापूर्वीं जी गोष्ट पत्रिका बोलते, ती तिची रचना होय. शोभा ही त्यानंतरची.

आतां छपाईचा इतिहास पाहिला, तर त्यांत एक मौज दिसते. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें, तें शिळाछापावर. शिळाछापांत हातानें लिहिलेलें अक्षरच दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढतात. म्हणजे लेखकाच्या हाताचें वळण छापलेल्या कागदावरहि कायम राही. पुढें खिळ्यांची छपाई सर्वत्र झाली. तीमुळें वाचन सुलभ झालें, ग्रंथ स्वस्त झाले, पण घरच्या पत्रिकेंतून घरचा हात नाहींसा झाला. विलायतेंतहि असेंच घडलें. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थानें १८४३ सालीं नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र काढविलें. चित्र जॉन हॉर्स्ली या चित्रकाराचें. छपाई शिळेवर, आणि रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हातानें भरलेले. हजार प्रती निघाल्या. म्हणजे आरंभीं तेथेंहि यंत्र आणि हात यांचा संयोग होता.

त्यानंतर १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं पडद्यावर प्रकाशलेखणीनें रेघा ओढतां येतील असा एक प्रबंध सिद्ध केला. आपल्या मोबाईलवर बोटानें जें चित्र काढतां येतें, त्याचा तो मूळपुरुष. या शोधाचा खरा अर्थ असा कीं, शिळाछापाची शक्ति आतां प्रत्येक घरांत आली आहे : हातचें काढावें आणि जशाच्या तशा प्रती काढाव्या. पण आम्ही काय करतों? कोणा परक्यानें तयार करून ठेवलेल्या चौकटींत नांव व तारीख तेवढी भरतों. हातांत लेखणी दिली असतां आम्ही शिक्का मारीत बसलों आहों.

हें कसें टाळावें, तें मी एका प्रत्यक्ष पत्रिकेच्या उदाहरणानें सांगतों. माझी एक जुनी विद्यार्थिनी वारली समाजांतली असून सध्यां नाशिकला नोकरी करते. तिच्या भावाचें लग्न ठरलें. पत्रिका आपण स्वतः करावी असें तिनें मनांत घेतलें व सल्ल्यासाठीं ती माझ्याकडे आली. तिच्याजवळ मोबाईलमध्यें एक छायाचित्र होतें. थोरल्या बहिणीच्या लग्नांत त्यांच्या आजीनें घरांतल्या भिंतीवर काढलेला तो लग्नाचा चौक होता.

शहरांतील श्रोत्यांनीं वारली चित्रें पिशव्यांवर व पेल्यांवर पाहिलीं असतील. त्यांचें मूळ स्थान म्हणजे लग्नघराची भिंत. शेणामातीनें सारवलेल्या व गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें, टोंक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनें सवाशिणी हा चौक काढतात. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवीची स्थापना असते. चौकाशिवाय लग्न नाहीं. म्हणजे ती भिंत हीच त्या घरची पहिली लग्नपत्रिका. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी हे हस्तकला मंडळाच्या वतीनें डहाणूकडे गेले आणि हीं चित्रें कागदावर येऊं लागलीं. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं तीं जगभर पोंचविलीं. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, व २०१८ सालीं ते निवर्तले. २०१४ सालीं या कलेची भौगोलिक मानांकनांत नोंदहि झाली.

मुलीचा बेत असा होता कीं, आजीच्या चौकाचें छायाचित्रच पत्रिकेवर छापावें. मलाहि तो पसंत पडला. पण आजीनें मान हलविली. ती म्हणाली, "चौकांत देवी बसते. लगीन झाल्यावर हा कागद कुठं जाईल? कोणी त्यांत चणे बांधील, कोणी पायाखालीं तुडवील. देवी भिंतीवरच बरी. नाचणारीं पोरें काढ, तीं कुठेंहि नाचतील." चाळीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून जी गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती, ती या बाईनें दोन वाक्यांत सांगितली. कोणती खूण कोणत्या कागदाला द्यावी, हा रचनेचा पहिला प्रश्न आहे. गणपतीचें चित्र, कुलदैवताचें चित्र, दुसऱ्या समाजाचें पूजेचें चिन्ह, हीं केवळ सुंदर दिसतात म्हणून उचलूं नयेत. ज्यांचें तें चिन्ह आहे, त्यांना विचारावें. तसेंच दुसऱ्या कलावंताचें चित्र महाजालावरून उतरवून घेणें ही चोरी आहे. चित्र हवें असेल तर त्याला त्याची किंमत द्यावी आणि पत्रिकेच्या पाठीमागें त्याचें नांव घालावें.

तेव्हां ठरलें कीं, पत्रिकेवर तारपानृत्य घ्यावयाचें : मध्यें तारपा वाजविणारा, आणि त्याच्याभोंवतीं हातांत हात गुंफून वळसे घेत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी. दोन त्रिकोण टोंकाला टोंक लावून जोडले कीं शरीर झालें, वर एक वर्तुळ ठेवलें कीं डोकें झालें. आतां पुढील कामाच्या पायऱ्या क्रमानें सांगतों.

पहिली पायरी मजकुराची. संगणकाला हात लावण्यापूर्वीं साध्या वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत : कोणाचें, काय, केव्हां, कोठें. या चार उत्तरांना पत्रिकेंतील सर्वांत ठळक जागा द्यावी. आमच्या लग्नपत्रिकांतून काका, मामा, व्यवस्थापक व बालगोपाळ यांच्या नांवांची एवढी गर्दी होते कीं, लग्न किती वाजतां आहे हें शोधण्यास भिंग लागतें. नांवें गाळलीं तर माणसें रुसतात, हें मी जाणतों. म्हणून नांवें आंतल्या पानावर घ्यावींत; दर्शनी पानावर या चारच गोष्टी असाव्यात. अक्षरांचे आकारहि तीनच ठेवावे : मोठा, मध्यम व लहान. तारखेपुढें वार अवश्य लिहावा. तारीख चुकली तर वार ती चूक पकडून देतो.

दुसरी पायरी चित्राची. चित्र कागदावर, काळ्या शाईनें, आपल्या हातानें काढावें. येथें तें आजीनेंच काढलें. मग तो कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, मोबाईल बरोबर वरून समांतर धरून छायाचित्र घ्यावें. तिरपें धरल्यास वर्तुळाचें अंडें होतें. छायाचित्रक-यंत्र, ज्याला स्कॅनर म्हणतात, तें मिळत असल्यास अधिक चांगलें. त्यावर एका इंचांत तीनशें किंवा सहाशें ठिपके हें प्रमाण ठेवावें.

येथें संगणक चित्र कसें लक्षांत ठेवतो, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. त्याच्या दोन रीति आहेत. एक रांगोळीच्या ठिपक्यांची : संपूर्ण चित्र म्हणजे बारीक बारीक चौकोनी ठिपके, व प्रत्येकाचा रंग ठरलेला. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दुसरी रीति भूमितीची : वर्तुळाचा मध्य येथें, त्रिज्या एवढी, रेघ या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत. हिला व्हेक्टर म्हणतात. ठिपक्यांचें चित्र मोठें केलें कीं ठिपके उघडे पडतात व कडा दातेरी दिसतात. भूमितीचें चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढें करा किंवा मांडवाच्या कमानीएवढें करा, कडा स्वच्छच राहते. वारली चित्र मुळांतच त्रिकोण, वर्तुळ व रेघ यांचें असल्यामुळें तें दुसऱ्या रीतीला फार सोयीचें पडतें. इंकस्केप या नांवाची एक आज्ञावली विनामूल्य मिळते. तींत छायाचित्रावरून आपोआप अशा रेघा काढून घेण्याची सोय आहे. रंगाच्या छटा असलेल्या चित्रासाठीं क्रिता व गिम्प या आज्ञावल्याहि विनामूल्य आहेत.

पण एक इशारा देतों. यंत्र रेघा स्वच्छ करतांना हाताचा कंप पुसून टाकूं पाहतें. आमच्या मुलीनें पहिल्या प्रयत्नांत सर्व आकृति अगदीं सारख्या करून टाकल्या. एकच नाचणारा काढून त्याच्या वीस नकला फिरवून लावल्या. चित्र निर्दोष झालें, पण नाच थांबला. आजीच्या चित्रांत एकाचा पाय अधिक उचललेला, एकीचा अंबाडा मोठा, असें होतें. शेवटीं आजीचींच मूळ माणसें कायम ठेवलीं, आणि यंत्राकडून फक्त कागदाची सावली व शाईचे डाग काढून घेतले. यंत्रानें झाडलोट करावी. घरांत राहावें तें माणसांनीं.

तिसरी पायरी मापाची. नेहमींचा ए-चार कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. तो मधोमध दुमडला कीं १४८ बाय २१० मिलिमीटरची सुबक पत्रिका होते. इंचाला तीनशें ठिपके या हिशोबानें संपूर्ण ए-चार कागदाला २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. मोबाईलवरून निरोपाबरोबर पाठविलेलें चित्र वाटेंत पुष्कळदां लहान केलें जातें. त्याची रुंदी १२४० ठिपके उरली, तर त्याच कागदावर इंचाला दीडशेंच पडतात, व छापल्यावर तें पुसट दिसतें. म्हणून छापखान्याकडे पाठवितांना चित्र म्हणून न पाठवितां दस्तऐवज म्हणून, पीडीएफ स्वरूपांत पाठवावें. रंग कांठापर्यंत न्यावयाचा असल्यास तो कांठाच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त घ्यावा, म्हणजे कापतांना पांढरी किनार राहत नाहीं. आणि अक्षरें कांठापासून निदान पांच मिलिमीटर आंत ठेवावींत.

चौथी पायरी रंगाची, आणि येथें पुष्कळजण फसतात. पडदा स्वतः प्रकाश देतो. तो तांबडा, हिरवा व निळा हे तीन प्रकाश मिसळून रंग दाखवितो. कागद प्रकाश देत नाहीं. त्यावर निळसर, किरमिजी, पिंवळी व काळी अशा चार शाया बसतात. म्हणून पडद्यावरचा झळझळीत रंग कागदावर मंद होतो. एक नमुनाप्रत छापून ती दिवसाच्या उजेडांत पाहिल्याशिवाय सर्व प्रती काढूं नयेत. दुसरी गोष्ट अशी कीं, साध्या मुद्रणयंत्रांत पांढरी शाई नसते. गेरूवर पांढरें चित्र हवें, तर यंत्र पांढरें कांहींच छापीत नाहीं. तें चित्राभोंवतालचा सर्व भाग गेरूच्या रंगानें भरतें, व मोकळा राहिलेला कागद पांढरा दिसतो. संपूर्ण पान असें भरल्यानें शाई फार जाते, आणि फवाऱ्याच्या शाईचें यंत्र असल्यास कागद ओला होऊन लहरतो. म्हणून आम्ही गेरूचा रंग पानाच्या वरच्या एक-तृतीयांश पट्टींतच घेतला. नाच तेथें, आणि खालीं पांढऱ्या जागेवर गडद अक्षरें.

पांचवी पायरी अक्षरांची, व या पायरीवर आम्ही सपशेल पडलों. पत्रिकेंत एक ओळ होती : 'दऱ्याखोऱ्यांतून येणाऱ्या पाहुण्यांस'. छापून आलेल्या नमुन्यांत ती 'दर्याखोर्यांतून येणार्या' अशी अवतरली. दर्या म्हणजे समुद्र. सुरगाण्याला समुद्र आणला म्हणून मुलीला मीं चेष्टेनें शाबासकी दिली खरी, पण चूक गंभीर होती. मराठींत रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा आडवा र या दोन निराळ्या वस्तु आहेत. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंक्तीस बसविल्यास दोघेहि रागावतील. कळफलकावर नुक्त्याचा ऱ वेगळा असतो. तो घेऊन त्यास हलन्त करून मग य जोडला, म्हणजे बरोबर रूप उमटतें. तसेंच मराठी ल व श यांचें वळण हिंदीतील वळणाहून वेगळें आहे. संगणकावर आयतें मिळतें तें पुष्कळदां हिंदी वळण असतें. 'तिरो देवनागरी मराठी' या नांवाचा टंक विनामूल्य मिळतो. त्यांत मराठी वळण राखलेलें आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेचा 'मुक्ता' हा टंकहि विनामूल्य असून तो साधा व सुवाच्य आहे. कोणताहि टंक घ्या. पण जो टंक आपल्याकडे आहे, तो छापणाऱ्याच्या संगणकावर असेलच असें नाहीं. तो नसला कीं जोडाक्षरें फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. म्हणून पीडीएफ करतांना टंक त्यांत समाविष्ट झाला आहे, याची खात्री करून घ्यावी. आणि शेवटीं, ज्यानें मजकूर लिहिला नाहीं अशा माणसाकडून तो मोठ्यानें वाचवून घ्यावा. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांस दिसत नाहीं, हें मी हजारों निबंध तपासून सांगतों.

हल्लीं पत्रिकेवर स्थळाचा नकाशा उघडणारा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन घालतात. १९९४ सालीं जपानांत निघालेला हा क्यूआर कोड मोठा उपयोगी आहे. आमच्यासारख्या डोंगरी पाड्यावर येणाऱ्या पाहुण्यास तर फारच. मात्र तो निदान दोन सेंटिमीटर लांबीरुंदीचा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद असा छापावा, व छापल्यावर दोन-तीन निरनिराळ्या मोबाईलांनीं उघडून पाहावा. तोंडी पत्ताहि लिहावाच. डोंगरांत कधींकधीं नकाशा उघडण्याइतका संदेशच पोंचत नाहीं. आणि जी पत्रिका मोबाईलवरून शेंकडों हातांत जावयाची, तींत अनावश्यक दूरध्वनि क्रमांक, घरचा पूर्ण पत्ता किंवा बाळाची जन्मवेळ घालूं नये.

आतां मूळ पत्रिकेकडे वळूं. तिच्या दीडशें प्रती छापावयाच्या होत्या. छापण्यापूर्वीं मुलीनें नाचणाऱ्यांच्या साखळींतून एक माणूस मुद्दाम काढून टाकला व तेथें गेरूची मोकळी जागा ठेवली. प्रती छापून आल्यावर एका संध्याकाळीं सारें घर अंगणांत बसलें, आणि प्रत्येक पत्रिकेंतील त्या मोकळ्या जागीं पांढऱ्या रंगानें एकेक माणूस हातानें काढलें गेलें. जो पाहुणा बोलवावयाचा, तो साखळींत उभा राहिला. माझ्या पत्रिकेंतला नाचणारा सहा वर्षांच्या एका मुलानें काढलेला असावा. त्याला तीन हात होते. आजीच्या शेजारणीला वाचतां येत नाहीं. तिनें पत्रिका हातांत घेतली, पाहिली, आणि "लगीन कधीं?" एवढेंच विचारलें. कशाची पत्रिका, हें तिनें विचारलें नाहीं.

हाच नियम दुःखाच्या पत्रालाहि लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे. सोनेरी कड, फुलें, उधळलेले रंग हे सर्व तेथून काढून टाकावे. पांढरी जागा भरपूर सोडावी. नांव, दिवस, विधीचें स्थळ व वेळ, आणि कळविणाऱ्याचें नांव, एवढेंच असावें. आनंदाच्या पत्रांत हात मोकळा असावा. शोकाच्या पत्रांत तो आवरलेला असावा. साधन एकच, पण चेहरे दोन.

माझ्या मित्राच्या मृत्यूस वर्ष होत आलें, तेव्हां तोच मुलगा माझ्याकडे आला व वर्षश्राद्धाचें पत्र करूं लागतां का, म्हणून विचारूं लागला. आम्ही दोघे शेजारीं बसलों. छायाचित्र घेतलें नाहीं. पांढऱ्या पानावर डाव्या बाजूला वडिलांची स्वाक्षरी ठेवली. ती त्यानें त्यांच्या एका जुन्या वहींतून उतरवून घेतली होती. खालीं तीन ओळी. आणि उजव्या बाजूचा वरचा कोपरा आम्हीं तिरपी रेघ मारून, फाडल्यासारखा, रिकामा सोडला.

तें तयार झाल्यावर मीं चष्मा काढून मेजावर ठेवला, आणि पत्र हातभर लांब धरून पाहिलें. एकहि अक्षर लागत नव्हतें. तरी कशाचें पत्र आहे तें कळलें. श्रोतेहो, आपल्या घरची पत्रिका छापण्यास देण्यापूर्वीं आपणहि ही परीक्षा अवश्य करून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.